लाल्याच्या नाकातलं भोक

तुमच्या माळ्यावरचं जुनं खेळणं "हे तर कबाड आहे, काकू" म्हणत ज्या माणसाने पिशवीत टाकलं, तो तुमच्या पायऱ्या उतरताना ती पिशवी दोन्ही हातांनी छातीशी का धरत होता, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला का?

पडला नसेल, आणि तो पडू नये याची काळजी घेणारी माणसं आहेत. अशाच एका माणसाच्या आदिलाबादच्या दुकानात मी काही वर्षं काम केलं. जुन्या खेळण्यातल्या गाड्यांची अवस्था ठरवणं हे माझं काम होतं. कुठली गाडी मूळ आहे, कुठली रंगवलेली, कुठल्या गाडीचा कुठला भाग दुसऱ्या गाडीतून आलेला, ते पाहायचं आणि दर्जा लिहायचा. संपादकांनी दिवाळीसाठी काहीतरी हलकंफुलकं लिहा म्हटलं. खेळण्यांचा विषय म्हणजे गोडच असणार, असं त्यांना वाटलं असावं. माफ करा. माझ्याकडे गोड काही नाही.

आमचं गाव तामसी मंडळातलं; तेलंगणात तालुक्याला मंडळ म्हणतात. बाबा आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कामाला होते आणि तिथल्या हमालांच्या युनियनचं कामही करायचे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षर ओळखायला लागले ती पत्रकांवर, आणि बसस्टँडवर वाटलीही तीच. बाबा म्हणायचे, ज्या पत्रकाच्या शेवटी मागणी नसते ती रद्दी. शाळा संपल्यावर मी मामाच्या दुकानात शेतातल्या पंपांच्या मोटारी बांधायला शिकले. तांब्याची तार, वेढे, वार्निश. एक दिवस त्या दुकानाचा मालक किशोरभाऊ तिथे आला आणि मामाच्या टेबलावर त्याने बोराएवढी मोटार ठेवली. "हे बांधता येते काय?" मामा हसला. मी बांधून दिली. पुढच्या आठवड्यात मी किशोरभाऊच्या दुकानात मागच्या टेबलावर होते.

ती मोटार स्लॉट कारची होती. स्लॉट कार म्हणजे खाचेतून धावणारी गाडी. तळहातावर मावेल एवढी. प्लास्टिकचं अंग, खाली मोटार, पुढे पोटाखाली एक खुंटी. रस्ता म्हणजे प्लास्टिकचे जोडायचे तुकडे, त्यात खाच आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. खुंटी खाचेत बसते, तिच्या शेजारचे तारांचे दोन ब्रश पट्ट्यांना घासून वीज घेतात आणि हातातला घोडा दाबला की गाडी सुटते. वळणावर जास्त दाबला की उडून पलंगाखाली जाते. परदेशात दोन पिढ्यांपूर्वी यांचं वेड होतं. आपल्या भागात त्या आल्या परदेशी साहेबांबरोबर, धरणांच्या आणि कारखान्यांच्या कामांवर. साहेब गेले आणि जाताना त्यांनी खेळणी स्वयंपाक्याच्या, माळ्याच्या पोरांना दिली. म्हणून त्या आज बंगल्यांत सापडत नाहीत. सापडतात त्या महामार्गाच्या दोन्ही बाजूंच्या साध्या घरांत, धान्याच्या कोठीमागे. किशोरभाऊला हे कळलेलं होतं. त्याची हुशारी मी नाकारत नाही.

अवस्था कशी ठरवायची? गाडी आली की ती आधी उलटी करायची. पोट आधी पाहायचं, तोंड नंतर. वरचा रंग कुणीही चमकवतो. पोटातले स्क्रू मात्र खोटं बोलत नाहीत. स्क्रूच्या डोक्याची खाच सोललेली असेल तर गाडी उघडली गेली आहे, आणि उघडलेल्या गाडीचा दर्जा तिथेच घसरतो. मग चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा पाहायच्या, कारण फवारून रंगवलं की रंगाची भुकटी तिथे बसते. मग निळी टॉर्च मारायची, तिच्याखाली नवा रंग आणि जुना रंग वेगळे दिसतात. रबरी टायर नखाने दाबायचे. काचेच्या बाजूचे खांब भिंगाखाली पाहायचे, केसाएवढी चीर असली तरी दिसते. शेवटी खाचेच्या रस्त्यावर चालवायची आणि कान द्यायचा. पंपाच्या मोटारीवर तयार झालेला माझा कान इथे कामाला आला.

दर्जाच्या पायऱ्या सोप्या होत्या. सगळ्यात वरची 'पेटीतली', म्हणजे कधीच बाहेर न काढलेली. मग 'जवळजवळ नवी', मग 'खेळलेली', मग 'खराब', आणि तळाला 'सुट्या भागांसाठी'. ही शिडी पुन्हा वाचा. सगळ्यात वर ते खेळणं, ज्याला पोराचा हातच लागला नाही. खेळणं ज्यासाठी बनवलं ते त्याच्याबाबतीत घडलं, तर ते नुकसान! पोराने खेळावं हा त्या जगात अपघात आहे. पहिल्या महिन्यापासून मला या शिडीचा राग आला. तो गेलेला नाही.

तऱ्हेवाईक माणसंही भेटायची. एक संग्राहक व्हिडिओ कॉलवर मला पेटी हुंगायला लावायचे. "बेटा, ठीक से सूंघो. पुराना कागज़ या नया गोंद?" मी हुंगायचे. एकदा म्हटलं, "साब, झिंगूर की बास है." ते खूश झाले, कारण झुरळाची पेटी म्हणजे जुनी पेटी. दुसरे बेज्जूरचे एक मास्तर. बस बदलत बदलत आले आणि त्यांनी टेबलावर नुसती मोटार ठेवली. गाडीचं अंग कुठाय विचारलं तर म्हणाले, "अंग कोणाले पाहिजे? मोटारीवर मी डब्बा वाजवतो मक्यात. पोपट पळतेत. आवाज कमी झाला, तेवढं पाहून दे." मी ब्रश बदलून दिले. किशोरभाऊ कपाळाला हात लावून बसला होता. त्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात सुखी मोटार ती होती.

किशोरभाऊ वाईट वागायचा नाही. मला 'युनियन' म्हणायचा. "ए युनियन, चाय घे, मंग क्रांती कर." पगार वेळेवर द्यायचा. पण त्याला दोन तोंडं होती. घेताना एक, विकताना दुसरं. विकताना तो माझा दर्जा छापील कागदावर पेटीसोबत लावायचा, शब्द न् शब्द. घेताना मात्र कागद नाही, नुसतं तोंड. "कबाड आहे. तुमी म्हणता म्हणून नेतो." तीच गाडी, तेच भिंग. मी विचारलं की म्हणायचा, "मी नाही नेलं तर हे चुलीत जाईन. काय पाप करून राह्यलो मी?" यावर माझं उत्तर एकच असायचं. पाप नसेल, तर त्यांनाही लिहून द्या.

मग लाल्या आला.

आषाढात बोथहून रुक्मिणकाकू आल्या. साठीच्या पुढच्या, भाजीच्या मळ्यात उन्हाने रापलेल्या. त्यांचे सासरे धरणाच्या कामावर एका परदेशी साहेबाकडे स्वयंपाकी होते. काकूंनी टॉवेलचं गाठोडं सोडलं. आत तीन पांढऱ्या गाड्या, पेटीसकट, आणि एक लाल, पेटीशिवाय. लाल गाडीवर गेरूचे थर होते, छपरावर बेगडाचे तुकडे चिकटलेले, टायर तडकून अर्धे गळालेले, आणि बोनटच्या टोकाला एक भोक. भोकाची कड वर वळलेली होती. गिरमिटाने पाडलेलं भोक असं नसतं. हे तापवलेल्या दाभणाचं होतं. कापसाची बोंदरी, म्हणजे मोठी पोती, शिवायचं दाभण आमच्याकडे घरोघरी असतं.

"या पांढऱ्या घेऊन टाक," काकू म्हणाल्या. "लाल्या नाही द्यायचा. त्याले फक्त चाकं लावून दे. पोळ्याच्या आत पाहिजे."

त्यांच्या आळीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि ओवाळून घेतात. त्यांच्या नवऱ्याला लहानपणी लाकडी बैल मिळाला नाही, तेव्हा त्याने हीच गाडी बैल केली. तिच्या नाकाला भोक पाडून वेसण घातली, गेरू लावला, नाव ठेवलं लाल्या. तेव्हापासून घरातलं सगळ्यात धाकटं पोर दर वर्षी लाल्याला ओढत नेतं. यंदा पाळी नातवाची होती, आणि लाल्याला चालता येत नव्हतं.

किशोरभाऊने लाल्याला उचललं, उलटं केलं आणि दिव्याजवळ नेलं. मला कळलं. त्या रंगाचं ते अंग मी तोवर फक्त चित्रात पाहिलं होतं.

"काकू, याच्या नाकाले भोक पाडलं तुमी. कबाड झालं हे."

"मंग बैलाच्या नाकाले भोक नाही पाडत काय? वेसण कुठं घालू, शेपटीले?"

मी मागच्या टेबलावरून उठून आले. "भाऊ, ही कबाड नाही. असं अंग मिळत नाही."

"शिकून राह्यली अजून," तो काकूंकडे पाहून हसला. "ठेवून जा, काकू. टायर कुठं भेटते पाहतो. मी तुमच्या माहेरचा माणूस, तुमाले काय फसवीन काय?"

हे वाक्य त्याचं सगळ्यात धारदार हत्यार होतं. तो खरंच त्यांच्या माहेरच्या गावचा होता. आमच्या भागात माहेरच्या कुत्र्यालाही बाई भाकर आधी घालते, आणि माहेरच्या माणसाकडे लेखी मागणं म्हणजे माहेराचा अपमान. काकू पांढऱ्या गाड्या कबाडाच्या भावात देऊन गेल्या, लाल्याला ठेवून गेल्या.

आठवडाभरात किशोरभाऊने मला सांगितलं, "भोक बुजव. गेरू काढ. 'जवळजवळ नवी' लिही."

"ती दुरुस्तीला आली आहे. आपली नाही."

"होते आपली."

त्याने माझ्यासमोर बोथला फोन लावला. लाल्या तेव्हा माझ्या दिव्याखाली होता, चारही पाय वर. "काकू, वाईट झालं. प्लास्टिक सडलं होतं पहा. हातातच तुटला. लाल्या गेला."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. हा मात्र "हो ना, हो ना" म्हणत मान हलवत होता, सुतकाला गेल्यासारखा.

"काऊन खोटं बोलून राह्यले, भाऊ?"

तो शांतपणे म्हणाला, "बैल विकला म्हटलं का माणूस भाव विचारते. बैल मेला म्हटलं का रडते, अन् विसरते."

मी भिंग खाली ठेवलं. भोक मी बुजवणार नाही आणि खोटा दर्जा लिहिणार नाही, हे सांगितलं. तो म्हणाला, नको लिहू, मला लिहिता येतं. आणि लाल्याला घेऊन बायपासवरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेला. खऱ्या मोटारींच्या दाराला पुट्टी लावणाऱ्या त्या कारागिराने वरूनच भोकात पुट्टी भरली, घासली, रंग जुळवला. उघडायची परवानगी नव्हती, कारण स्क्रूवर ताजा ओरखडा आला की दर्जा पडतो. काम सुंदर झालं होतं. एवढं सुंदर काम लबाडीसाठी व्हावं, याचा राग वेगळा.

रविवारी मी बोथची बस धरली. बाजारात विचारत विचारत काकूंच्या मळ्यावर पोचले आणि सगळं सांगितलं. काकू वांग्याच्या वाफ्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला.

"तो माह्या माहेरचा आहे. तू कोण?"

"मी तिथं काम करते, काकू. मी डोळ्यांनी पाहिलं."

"मालकाचं मीठ खाते अन् मालकाले चोर म्हणते? आमी लाल्याच्या नावानं आंघोळी करून बसलो. आता काऊन भांडण लावून राह्यली? जाय पोरी. बस चुकन."

वांगी मात्र त्यांनी पिशवीभर दिली. रिकाम्या हाताने पाठवणं त्यांना जमलं नाही. परतीच्या बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसले होते आणि मला काकूंचा राग आला नाही. ज्याने त्यांच्या विश्वासाचं नेमकं ठिकाण शोधून तिथे दाभण घातलं, त्याचा आला.

लाल्या बंगळुरूच्या एका संग्राहकाकडे गेला. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा व्हिडिओ कॉल आला. किशोरभाऊ जेवायला गेला होता. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी बोनटवर निळी टॉर्च धरली. "बेटा, ये गोल दाग क्या है?"

मी सांगितलं. भोक, दाभण, वेसण, गेरू, तान्हा पोळा, सगळं. आणि ही गाडी विकायची नव्हती, तिची मालकीण बोथला आहे, हेही. त्यांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं, माणसाला समजलं.

"कहानी तो बहुत अच्छी है," ते म्हणाले. "लेकिन ग्रेड तो गिर गया ना."

त्यांनी गाडी परत पाठवली. खोटा दर्जा लावला म्हणून. पैसे परत मागितले, कडक शब्द लिहिले. बोथच्या बाईबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. या धंद्यात फसवणूक फक्त घेणाऱ्याची होते. देणाऱ्याची होते त्याला 'चांगला सौदा' म्हणतात.

पार्सल आलं तोवर पोळा होऊन गेला होता. किशोरभाऊने ते माझ्या टेबलावर आपटलं. "बोभाटा झाला याचा, आता कोणी घेत नाही. घे तुझा बैल. अन् निघ. उद्यापासून मामाच्या पंपात बस."

मी लाल्याला उचललं, माझा बारीक स्क्रूड्रायव्हर उचलला आणि निघाले. जाताना म्हटलं, "पांढऱ्या गाड्यांचं काय?" तो म्हणाला, त्या तिने स्वतःच्या हाताने दिल्या. खरं होतं. 'पेटीतल्या' होत्या त्या, आणि गेल्या होत्या कबाड म्हणून. त्या परत आल्या नाहीत. ती बोच आहे.

पुन्हा बोथ. काकू ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी लाल्याला त्यांच्यासमोर ठेवलं. लालभडक, गुळगुळीत, आरशासारखा. त्यांनी पाहिलं, हात पुसले, उचललं नाही.

"हा लाल्या नाही."

"काकू, हाच आहे."

"लाल्याले नाक टोचलं होतं. याले नाही. दुकानातला नवा आणून मले फसवून राह्यली काय?"

ज्या घराने त्याला दोन पिढ्या ओढलं, त्या घराला तो ओळखू येऊ नये इतका तो 'जवळजवळ नवा' झाला होता. शेजारच्या बायका जमल्या. एक म्हणाली, "मेलेला बैल पार्सलनं येते काय वो?" हशा झाला.

मग मी ओट्यावर बसले आणि जे रोज करायचे तेच केलं. गाडी उलटी केली. स्क्रू काढले. लाल्या पहिल्यांदाच उघडला जात होता. अंग वेगळं करून मी ते काकूंच्या हातात आतल्या बाजूने दिलं. बोनटच्या टोकाखाली पांढऱ्या पुट्टीचा थेंब लोंबत होता, आणि त्याच्याभोवती वितळलेल्या प्लास्टिकचं जुनं कडं. त्या कड्याच्या बेचक्यात रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता. काकूंनी तिथे नख घातलं. नख लाल झालं. त्यांनी ते बोटांत चोळून पाहिलं. गेरू होता.

हसणाऱ्या बायका पुढे वाकून पाहू लागल्या.

काकूंनी नख पदराला पुसलं. मग एवढंच म्हणाल्या, "माहेरचा एक माणूस कमी झाला." उठल्या, आत गेल्या, चुलीत दाभण घालून आल्या. ते लाल झाल्यावर फडक्यात धरून बाहेर आणलं. त्यांनी लाल्याला पायांच्या अंगठ्यांत धरलं, वासराला गुडघ्यांत धरतात तसं, आणि जुन्याच जागी दाभण टेकवलं. पुट्टीचा थेंब टपकन खाली पडला.

"नवीन चाकं मात्र लावली मेल्यानं," काकू म्हणाल्या आणि सुतळी ओवली. मी अंग परत बसवून स्क्रू आवळले. नातू लाल्याला घेऊन अंगणात पळाला. पोळा नव्हता, ओवाळणी नव्हती, तरी पळाला.

त्या दिवशी मी शेवटचा दर्जा ठरवला, कुणी न विचारता: 'खेळलेला. चालू आहे.' याच्या वर पायरी नाही, असं माझं मत आहे. मी आता मामाकडे पंपांच्या मोटारी बांधते, आणि आठवड्यातून एक दिवस कुणी जुनं खेळणं आणलं तर पाहूनही देते. जे विकणाऱ्याला सांगते तेच घेणाऱ्याला.

आता मागणी. बाबांच्या पत्रकासारखीच, साधी.

दिवाळीची साफसफाई झाली असेल तर माळ्यावरून खाली आलेलं जुनं खेळणं समोर घ्या. धुऊ नका, गेरू, कुंकू, हळद काही काढू नका. उलटं करून पोट पाहा. विकायचं तर खुशाल विका, पण जो 'कबाड आहे' म्हणेल, त्याला म्हणा: हे कबाड आहे असं लिहून दे, खाली तुझं नाव घाल, आणि विकशील तेव्हा हाच कागद सोबत लाव. तो माहेरचा असो, सासरचा असो, देवळातला असो. लाजू नका. लिहून देणार नाही त्याला चहा पाजा आणि खेळणं पोराच्या हातात द्या.

पेन त्याच्या खिशात असतंच. मागा.